वर म्हणजे हो

रोहा, १२ नोव्हेंबर १९९६

चि. हिरामण,

दुआ. सात वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट बाजूला ठेवशील, म्हणून आधीच सांगते, हे रागाचं पत्र नाही. माफीचंही नाही. भौतिकशास्त्रातली पीएच.डी. अर्ध्यावर टाकून तू बंगलोरला मेंदूवाल्यांच्या प्रयोगशाळेत गेलास, तेव्हा मी तुला एका पोस्टकार्डावर जे लिहिलं ते मला शब्द न शब्द आठवतं आणि ते मी अजून मागे घेतलेलं नाही. पण मला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती ज्याला विचारावी असं दुसरं माणूस माझ्या ओळखीत नाही.

पत्ता तुझ्या वडिलांकडून घेतला. त्यासाठी पेणला गेले होते. बावीस वर्षं रोज रोह्याहून एसटीने पेणच्या कॉलेजात येत होते, पण तुमच्या घरी कधी आले नव्हते. पुंडलिकभाऊ खाडीवरून नुकतेच परतले होते, दारात पाय धूत होते. म्हणाले, "बाई, पोराला वरडायला लिवताय काय?"

"नाही भाऊ, त्याला विचारायला."

त्यांना हसू आलं. "पयल्यांदाच इचारताय," म्हणाले.

तर ऐक. माझा थोरला भाऊ नासिर तुला आठवत असेल. कुवेतच्या बंदरात क्रेन चालवायचा. सुट्टीवर आला की आमच्या ओट्यावर बसून शिकवणीला आलेल्या तुम्हा मुलांना बोटींच्या गोष्टी सांगायचा. नव्वद साली तिकडे लढाई पेटली तेव्हा एक पिशवी घेऊन कायमचा परत आला. वहिनी त्याआधीच गेली होती, मुलगा मुराद दोहाला नोकरीला. मी लग्न केलं नाही हे तुला माहीत आहे. तेव्हापासून आम्ही दोघं भावंडंच रोह्याच्या घरात राहतो. १९ ऑगस्टला सकाळी नासिरभाई मोरीत पडला. घरात तेव्हा कोणी नव्हतं.

मुंबईला नेलं. मेंदूच्या बुंध्याला रक्त पोचलं नाही असं फोटोत दिसलं. पंधरा दिवसांनी डोळे उघडले. श्वास स्वतःचा घेतो. नाकातल्या नळीतून पेज आणि दूध जातं. सकाळी डोळे उघडतात, रात्री मिटतात. बाकी बोट हलत नाही, जीभ हलत नाही, चेहऱ्यावरची रेष हलत नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, "डोळे उघडे आहेत म्हणून फसू नका. आत कोणी नाही."

मी म्हटलं, "हे कशावरून?"

"प्रतिसाद नाही."

"प्रतिसाद नाही हे निरीक्षण झालं डॉक्टर. आत कोणी नाही हा निष्कर्ष झाला. मधली पायरी कुठे आहे?"

त्यांना वॉर्डात अजून चाळीस माणसं बघायची होती. ते गेले. दुसऱ्या दिवशी आम्हांला घरी पाठवलं.

ती मधली पायरी मला हवी आहे. समोर पडलेल्या माणसाला जाणीव आहे की नाही, हे बाहेरच्या माणसाने कसं ओळखायचं? तुमच्या शास्त्रात त्याची काही रीत असेल तर कळव. उत्तर थोडक्यात दे. कविता नको.

हलीमा


रोहा, ३ डिसेंबर १९९६

चि. हिरामण,

थोडक्यात लिही म्हटलं तर तू सहा पानं लिहिलीस. त्यातलं एक पान माझ्या तब्येतीच्या चौकशीचं. मी ठणठणीत आहे.

उरलेल्या पाच पानांतून मला कळलं ते असं. जाणीव मोजायचं उपकरण जगात कोणाकडेच नाही. ज्याची जाणीव त्यालाच ती आतून ठाऊक, बाकीच्यांनी त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा. आणि ज्याला बोलताच येत नाही, त्याच्याबद्दल आज तरी शास्त्र गप्प आहे. खाली लिहिलंयस, "बाई, म्हणूनच मी इकडे आलो. भौतिकशास्त्रातली न सुटलेली कोडी याच्यापुढे सोपी आहेत."

सोपी! आकाशगंगेच्या कडेचे तारे आपल्या गणितापेक्षा जोरात फिरतात. म्हणजे न दिसणारं काहीतरी वजन तिथे आहे. साठ वर्षं झाली, ते काय आहे हे कोणाला सांगता आलेलं नाही. गुरुत्वाकर्षण आणि अणूच्या आतले नियम एका समीकरणात बसत नाहीत, त्यात मोठमोठ्या माणसांची आयुष्यं गेली. आणि तू म्हणतोस सोपी. त्या कोड्यांत निदान शिस्त आहे. काय दिसलं म्हणजे उत्तर बरोबर, हे आधीच ठरलेलं असतं. ज्या ताऱ्याचा उजेड माझ्यापर्यंत यायला लाखो वर्षं लागली त्याचं वजन मला काढता येतं. आणि माझा सख्खा भाऊ हाताच्या अंतरावर आहे, तो जागा आहे का एवढंही मला

हे वाक्य अर्धं लिहून झाल्यावर लक्षात आलं की मी तुझीच बाजू मांडते आहे. म्हणून तिथेच सोडते.

आता कामाचं. जवळच्या वरसे गावची हौसा नावाची बाई रोज सकाळी येते. भाईला अंघोळ घालणं, कूस बदलणं, अंग चोळणं, सगळं तीच करते. तिला अक्षरओळख नाही. बोलणं मात्र अखंड. भाईशी गप्पा मारते, त्याला गावातल्या भानगडी सांगते, मध्येच त्याच्यावर चिडतेसुद्धा. परवा मला म्हणाली,

"बाई, भायला सगलं समजतंय गो."

मी विचारलं, "कशावरून?"

"कशावरनं म्हंजी? मी बोलते नि त्यो ऐकतो. भितीवर पाल हाय म्हनलं, तर वर बघितलान."

"डोळे आपोआप फिरतात हौसा. झोपेतही फिरतात."

"तुमचे फिरत असतील," ती म्हणाली आणि बादली उचलून गेली.

ही साक्ष मी धरत नाही. हौसा कुंडीतल्या तुळशीशीही बोलते. पण तपासल्याशिवाय नाकारणारही नाही. पुढच्या आठवड्यात मी रीतसर प्रयोग करणार आहे.

हलीमा


रोहा, १७ डिसेंबर १९९६

चि. हिरामण,

प्रयोग केला. उत्तर 'हो' असेल तर उजवीकडे खिडकीकडे बघ, 'नाही' असेल तर डावीकडे दाराकडे. हे त्याला तीनदा सांगितलं. मग वीस प्रश्न. तुझं नाव नासिर का? आपण पेणला राहतो का? मी तुझी बहीण का?

वीस प्रश्न, शून्य हालचाल. बुबुळं समोर, जशी छताला खिळलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस. पुन्हा शून्य. तिसऱ्या दिवशी बोट हलवायला सांगितलं. हौसा त्याचा पंजा हातात धरून बसली होती. तिच्याही हाताला काही जाणवलं नाही.

रविवारी शेजाऱ्यांकडे मुरादचा दोहाहून फोन आला. बारा जानेवारीला येतो, तीन आठवड्यांची रजा आहे. म्हणाला, "फुफू, अब्बांचं काय ते एकदा ठरवायला हवं." काय ठरवायचं ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

एवढंच. माझ्या प्रयोगात चूक असेल तर दाखव. आजवर तुझ्या प्रयोगातल्या चुका मी दाखवल्या, आता तुझी पाळी.

हलीमा


रोहा, ६ जानेवारी १९९७

चि. हिरामण,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. ओट्यावर उभ्या उभ्या वाचलं आणि मग खाली बसले.

तू लिहितोस, चूक भाईची नाही, प्रश्नाची आहे. मेंदूच्या बुंध्यात रक्त जिथे अडलं तिथूनच डोळे डावी-उजवीकडे फिरवणाऱ्या तारा जातात. त्या तुटल्या. पण डोळे वर-खाली करणाऱ्या तारा त्याच्या वरच्या अंगाला असतात, त्या कधी कधी शाबूत राहतात. "बाई, तुम्ही लंगड्या माणसाला पळायला सांगितलंत आणि त्याला इच्छा नाही असं लिहून घेतलंत. वर बघायला सांगा. एका वेळी पाचच प्रश्न. सकाळी, अंघोळीनंतर."

विद्यार्थ्याने असं झाडल्यावर काय वाटतं ते आता कळलं. ठीक आहे.

शनिवारी सकाळी मी त्याच्या उशाशी गेले. म्हटलं, "भाई, ऐकू येत असेल तर वर बघ."

बुबुळं वर गेली.

हौसा पाय पुसत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पाय पुसायला लागली. मला म्हणाली, "सांगत व्हते ना."

आता माझं ऐक. मला हे पुरत नाही. त्यानंतर मी आठ प्रश्न विचारले, सहा वेळा हवं तसं घडलं. पण उत्तर काय यायला हवं ते मला ठाऊक होतं. ठाऊक असलेला माणूस डोळे हलण्याची वाट बघतो, आणि पापणी जरा थरथरली तरी तिला 'वर' म्हणतो. बारावीच्या प्रॅक्टिकलला पोरं असंच करायची. आधी पुस्तकातलं उत्तर बघायची, मग रीडिंग लिहायची, आणि मी वही फेकून द्यायचे. माझी वही आज माझ्याच हाताने फेकली आहे.

बघणाऱ्याला उत्तर माहीत नसेल अशी मांडणी हवी. त्याला तिसरं माणूस लागतं, लिहिता येणारं आणि माझ्या बाजूचं नसलेलं. मुराद येतोच आहे.

हलीमा


पेण एसटी स्टँड, १७ जानेवारी १९९७

हिरामण,

हे घरी बसून लिहिता आलं नाही. मला भाईच्या खोलीतल्या टेबलावर बसून लिहायची सवय आहे, आणि आज त्या टेबलाशी बसवेना. रोज्याचे दिवस आहेत, घशाला कोरड पडली आहे आणि मी इथे बाकावर बसून वहीच्या कागदावर लिहिते आहे. तीन गाड्या सोडल्या.

मुराद आला. बापाला बघून आधी अर्धा तास बाहेर ओट्यावर बसून राहिला. चांगला मुलगा आहे, त्याच्याबद्दल गैरसमज करून घेऊ नकोस. काल इफ्तारनंतर म्हणाला,

"फुफू, नळी काढा असं मी म्हनत नाय. पन परत ताप भरला, छाती भरली, तर हॉस्पिटल नको, इंजेक्शन नको. अब्बांना शांत जाऊ द्या. मी डॉक्टरशी बोललोय, तेपन व्हय म्हनाले."

नोव्हेंबरात एकदा भाईची छाती कफाने भरली होती. इंजेक्शनांनीच वाचला. पुन्हा भरणार हे नक्की आहे.

मी म्हटलं, "तो ऐकतो आहे मुराद. वर बघतो."

"तुम्हांला दिसतंय ते. मला नाय दिसलं. आनि समजा ऐकतायत. तर मग अजूनच वाईट ना? पाच महिने असं पडून, सगलं ऐकत? फुफू, अब्बांना जगायचंय, हे तुम्हांला कुनी सांगितलं?"

"कोणीच नाही. म्हणूनच त्याला विचारायचं आहे."

त्याने बापाच्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं. विचारू. कसं ते सांगा."

म्हणजे सोमवारपासून प्रयोग होणार. मला जे हवं होतं ते मिळालं. आणि आज सकाळी मी नमाज पढून उठले आणि काही न सांगता पेणच्या गाडीत बसले. त्याचं कारण तुला सांगते, कारण ते कोणाला तरी माहीत असायला हवं आणि तू लांब आहेस.

पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. घरात कोणी नव्हतं हे खरं नाही. मी घरात होते. पुढच्या खोलीत शिकवणी चालू होती, तेरा मुलं. भाई दारात येऊन म्हणाला, "हलीमा, जीभ जड वाटतेय गो. डोकं फिरतंय." मी फळ्याकडे तोंड करून होते. वळले नाही. म्हटलं, "पित्त असेल. लिंबू-पाणी घे, मी अर्ध्या तासात येते." गणित पूर्ण केलं. मग मुलांनी मोरीतला आवाज ऐकला. मी नाही ऐकला.

हे एक झालं.

दुसरं असं की, ऑक्टोबरात एके दुपारी मी त्याच्या जवळ बसले होते. पाठीला जखम झाली होती, ती धुऊन झाली होती. डॉक्टरांचं 'आत कोणी नाही' मी तोवर खरं धरलं होतं. कोणी नसलेल्या खोलीत माणूस बोलतं तसं मी बोलले. त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "भाई, जा आता. माझ्याने होत नाही. तू जा."

एकदा नाही म्हटलं. त्या आठवड्यात रोज म्हटलं.

आता तुला मांडणी कळली असेल. तो ऐकतो हे सिद्ध झालं, तर त्याने हेही ऐकलं. त्याला उठून जाता आलं नाही, कान झाकता आले नाहीत, रागावता आलं नाही. माझ्यासाठी वाळवंटात सव्वीस उन्हाळे काढलेला माणूस. माझी एम.एस्सी. आपणच केली असं तो सगळ्यांना सांगायचा.

तुम्हा मुलांना मी एकच नियम घोकून घ्यायला लावला. प्रयोगाआधी उत्तराची इच्छा धरायची नाही. तारे, प्रकाश, अणू यांच्याबाबतीत तो पाळणं मला कधी जड गेलं नाही. उत्तर काहीही आलं तरी तारा मला काही म्हणणार नव्हता. इथे माझ्या मनाचा एक तुकडा म्हणतो आहे, उत्तर 'नाही' येऊ दे. आत कोणी नसू दे. म्हणजे माझं बोलणं कोणीच ऐकलं नाही. आणि मुरादची चिंताही मिटेल.

म्हणूनच पाहणं माझ्याकडे आणि प्रश्न मुरादकडे. माझ्या कानात कापूस. मला प्रश्न कळणारच नाही, मग माझी इच्छा कोणत्या बाजूला झुकणार?

चौथी गाडी लागली आहे. जाते. सोमवारी करणार म्हणजे करणार.

हलीमा


रोहा, २७ जानेवारी १९९७

चि. हिरामण,

निकाल कळवते.

मांडणी अशी. मुराद पिशवीतून एक वस्तू काढायचा. चमचा, किल्ली, कांदा, कंगवा, असं काहीतरी. ती बापाला दाखवायचा आणि त्याच्या कानात तिचं नाव सांगायचा. खरं की खोटं, ते नाणं उडवून ठरवायचं. नाव खरं असेल तर वर, खोटं असेल तर खाली. मी पायथ्याशी बसले, दोन्ही कानांत कापूस, मुरादच्या आणि माझ्या मध्ये चादर धरलेली. मला फक्त भाईचा चेहरा दिसत होता. मी वहीत 'वर', 'खाली' किंवा 'काही नाही' लिहायचं. मुराद त्याच्या वहीत खरं काय ते लिहायचा. चादर हौसाने धरली होती, प्रश्न विचारून झाला की ती चादर हलवायची. रोज सकाळी पाच प्रश्न, चार दिवस. चार दिवस संपेपर्यंत वह्या एकमेकांना दाखवायच्या नाहीत.

पहिल्या दिवशी मुराद कुजबुजायला लागला तेव्हा हौसा त्याला काहीतरी ओरडली. मला ऐकू आलं नाही. नंतर कळलं, ती म्हणाली, "बाप हाय तुजा, चोर नाय. नीट बोल त्याच्याशी."

गुरुवारी ओट्यावर बसून वह्या उघडल्या. मुराद एकेक वाचत होता, मी खूण करत होते. दोन वेळा 'काही नाही', कारण भाईने डोळे मिटले होते. तिसऱ्या दिवशी तो थकला होता. राहिलेली अठरा. मुराद दहाव्यापर्यंत मोठ्याने वाचत होता, मग हळू, मग त्याने वही माझ्याकडे सरकवली. शेवटची तीन मीच वाचली.

अठराच्या अठरा बरोबर.

नाणं उडवून असं घडायची शक्यता दोन लाख बासष्ट हजारांत एक. हे मी मुरादला सांगायला गेले, तो जाग्यावर नव्हता. आत जाऊन बापाच्या छातीवर डोकं ठेवून पडला होता आणि म्हणत होता, "अब्बा, सगलं ऐकलंत काय हो? सगलं?"

भाईचे डोळे वर गेले. तो प्रश्न मोजणीत धरलेला नाही.

आता आपल्या भांडणाविषयी. गेले तीन दिवस मी विचार करते आहे की मी नक्की काय मोजलं. भाईला समजतं हे कळलं. पण जे काही कळलं ते त्यानेच सांगितलं म्हणून कळलं. त्याच्या त्या दोन तारा शाबूत नसत्या, तर हेच अंथरूण, हाच माणूस, आत हीच जाणीव, आणि माझ्या वहीत वीस वेळा 'काही नाही'. मी सही करून निष्कर्ष लिहिला असता आणि मुरादने डॉक्टरचं ऐकलं असतं. आणि मेंदूच्या तीन पौंड मांसात 'मला ऐकू येतंय' हे कुठून उगवतं, त्याबद्दल तर मला कणभरही काही कळलेलं नाही. ताऱ्यांचं न दिसणारं वजन उद्या कोणी शोधलं, तर ते शोधलं हे ओळखता येईल. तुझ्या कोड्याचं उत्तर समोर ठेवलं तरी ते उत्तर आहे हे कसं ओळखायचं, ते मला सुचत नाही. मी खूप प्रयत्न केला.

तेव्हा तू सोपं सोडून अवघड घेतलंस, हे मान्य. 'लाल रंग लाल का दिसतो यावर कीर्तन करायला मी तुला शिकवलं नव्हतं,' असं मी त्या कार्डावर लिहिलं होतं, आणि ते उघडं कार्ड तुझ्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी वाचलं असणार. ते चूक होतं. हे पत्र बंद पाकिटात जातं आहे, पण तू ते कोणालाही दाखवलंस तरी चालेल.

मुराद रविवारी दोहाला परत जातो. ताप आला तर काय करायचं, तो प्रश्न अजून उभाच आहे. मुराद म्हणाला, "तुम्ही विचारा. मी ऐकू शकनार नाय." मीही अजून विचारलेलं नाही. 'हो' आणि 'नाही' एवढ्यावर असा प्रश्न विचारायचा नसतो. त्याला शब्द द्यायला हवेत.

हलीमा


रोहा, २० फेब्रुवारी १९९७

चि. हिरामण,

ईद होऊन गेली. तुझं कार्ड मिळालं. भाईला वाचून दाखवलं.

शब्द दिले. पुठ्ठ्यावर मुळाक्षरं सात ओळींत लिहिली, शेवटच्या ओळीत काना-मात्रा. मी ओळीवरून बोट फिरवते. हवी ती ओळ आली की तो वर बघतो, मग ओळीतलं एकेक अक्षर. एका शब्दाला चार-पाच मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी मी विचारलं, "भाई, काय सांगायचंय?" वाटलं, आता येतं.

प. काना. ठ.

पाठ. हौसाने त्याला कुशीवर केलं. पाठीखालच्या रबरी कापडाला जाड घडी पडली होती, जखमेच्या बरोबर वर. किती दिवस होती कोण जाणे. हौसा स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत रडली आणि त्याची माफी मागायला लागली. मग त्याने दुसरा शब्द लिहिला, तिचं नाव. त्यापुढे काही नाही, फक्त 'हौसा'. आता त्या पुठ्ठ्याला ती सहसा कोणाला हात लावू देत नाही. तिला सातही ओळी पाठ झाल्या आहेत.

मी मात्र दोन आठवडे काढले. दूध हवं का, पंखा हवा का, रेडिओ लावू का, असलंच विचारत राहिले. त्याला ते कळत होतं असं वाटतं, कारण गेल्या शुक्रवारी रेडिओ लावू का म्हटल्यावर त्याने खाली बघितलं आणि मग माझ्याकडे बघत राहिला. हौसा धुणं घेऊन मागच्या दारी गेली होती. मी खुर्ची जवळ ओढली.

म्हटलं, "भाई, त्या दिवशी मी फळ्यापासून वळले नाही."

त्याने वर बघितलं. म्हणजे हो, माहीत आहे.

"आणि ऑक्टोबरात मी तुझ्या कानाशी बोलले. जा म्हटलं. ते ऐकलंस?"

वर.

"रोजचं? सगळं?"

वर.

एवढं विचारायचं मी ठरवलं होतं. पुढचं ठरवलं नव्हतं. मी खाली मान घालून बसले. वर पाहिलं तर तो पुठ्ठ्याकडे बघत होता. पुठ्ठा खिडकीत उभा होता. मी तो घेतला.

पाऊण तास लागला. मध्ये दोनदा मी ओळ चुकले, कारण मला दिसत नव्हतं. त्याने लिहिलं:

मी पण तेच मागत होतो

हिरामण, त्या आठवड्यात आम्ही दोघं एका खोलीत होतो. मी त्याच्या कानाशी जे मागत होते तेच तो आत पडून मागत होता, आणि मला वाटत होतं की मी एकटी आहे. आणि त्याला तर ठाऊक होतं की मी तिथे आहे.

मी डोळे पुसले. आता विचारायलाच हवं होतं. त्याच्या समोर तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "भाई, पुन्हा छाती भरली तर इंजेक्शन द्यायचं का? घाई नाही. दिवसभर विचार कर. हवं तर उद्या सांग." आणि माझ्याकडून त्याच्यावर भार पडू नये म्हणून पुढे म्हटलं, "तुला अजून जायचं असेल तर मी अडवणार नाही. मुरादलाही सांगेन. खरं काय ते लिही."

त्याने दिवसभर थांबायला नकार दिला. डोळे लगेच पुठ्ठ्यावर गेले. पहिल्याच ओळीला वर. मी बोट फिरवत होते आणि मोजत होते, मोजायची सवय जात नाही.

आता नाय

कशाला 'नाय'? मला कळेना. शिकवणीतल्यासारखा आवाज चढला माझा. "काय आता नाय? इंजेक्शन नाय की जायचं नाय? नीट सांग!"

त्याचा चेहरा हलत नाही हे तुला माहीत आहे. पण मी त्याला साठ वर्षं ओळखते, आणि तो हसत होता. मागच्या दाराने हौसा आली, तिने पुठ्ठा माझ्या हातून ओढून घेतला आणि माझ्यापेक्षा निम्म्या वेळात त्याचे पुढचे दोन शब्द काढले. अक्षरं ती ओळीतल्या जागेवरून ओळखते. मला जागा सांगत गेली, मी लिहीत गेले.

जायचं नाय

संध्याकाळी नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. दोहाला लाइन लागायला बराच वेळ लागला. मुराद कामावरून नुकताच आला होता. मी म्हटलं, "ताप आला तर इंजेक्शन द्यायचं. छाती भरली तर हॉस्पिटलात न्यायचं. ठरलं."

तो म्हणाला, "फुफू, हे तुम्ही ठरवलंत काय? कोन म्हनतंय असं?"

मी म्हटलं, "तुझे अब्बा म्हणतात."

हलीमा